मागल्या खोलीचा स्लॅब

खासबाग आणि वडगाव मिळून ज्योतिबा मेस्त्रीनं बांधलेली चाळीसेक घरं असतील. त्यातलं एक माझं. मी हायस्कुलात भूगोल शिकवायचो, पगार बेताचा होता, आणि घर बांधायला काढलं तेव्हा बायको म्हणाली होती, एक खोली कमी झाली तरी चालेल पण गवंडी ज्योतिबाच पाहिजे. त्याचं नाव तसं होतं. आमच्या न्हाणीची भिंत त्यानं छातीएवढी वर आणली आणि संध्याकाळी ओळंबा सोडून बघितला, तर भिंत बोटभर बाहेर. मला काहीच दिसत नव्हतं. "असू दे रे, न्हाणी तर आहे," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ओल्या विटा एकेक करून उतरवल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावल्या आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही.

मूळचा तो जांबोटीकडचा. दिवसातनं दोनदा बस, ती चुकली तर रानातनं दोन तास पायपीट, असलं गाव. थोरल्या भावाच्या वाट्याला भातखाचरं आली आणि हा चौदाव्या वर्षी बेळगावात येऊन घमेली उचलायला लागला. थापी हातात यायला सहा वर्षं गेली. पुढं लग्न झालं. मनुबाई आली. ती आमच्याच गल्लीतल्या कापडाच्या मागवाल्यांकडं सुताच्या कांड्या भरायला जायची. दोघांनी मिळून खासबागेत अर्धा प्लॉट घेतला, रीतसर नकाशा पास करून दोन खोल्या बांधल्या. नऊ इंची भिंती, वर स्लॅब. नीलम आणि आदर्श ही दोन्ही मुलं त्या घरात वाढली.

परवानगीचं म्हणाल, तर आमच्याकडं नकाशा दोन खोल्यांचाच पास व्हायचा आणि बाकीचं घर मागाहून वाढायचं. कुणी वर मजला चढवला, कुणी जिना गल्लीत काढला, कुणी मागची मोकळी जागा झाकून स्वयंपाकघर केलं. माझ्या घराची गॅलरी कुठल्याच कागदावर नाही. सरकार कधीतरी दंड घेऊन सगळं कायम करणार, असं दर निवडणुकीला ऐकू यायचं आणि त्या भरवशावर लोक आणखी एक खोली काढायचे. ज्योतिबानंही पंधरा वर्षांपूर्वी, नीलमच्या लग्नाच्या आधी, मागं एक स्वयंपाकघर आणि त्याच्यावर जिन्यासकट एक खोली काढली. परवाना नाहीच. कुणी विचारलं तर म्हणायचा, "नकाशा कागदावर ऱ्हातोय, भिंत ओळंब्यावर ऱ्हात्येय." ऐकणाऱ्याला ते पटायचं, कारण म्हणणारा ज्योतिबा होता.

गेल्या वर्षी मनुबाईचे गुडघे फारच धरले. आदर्श धारवाडला नोकरीला, तिथंच भाड्यानं राहतो. तो म्हणाला, दोघं इकडं या, तिथं आता कोण आहे तुमचं. घर विकायचं ठरलं. कृष्णात म्हणून एक दलाल आहे, त्यानं महिन्याभरात गिऱ्हाईक आणलं. निपाणीचं जोडपं. दीपंकर इथल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो, समता दवाखान्यात नर्स आहे. दोघं सात वर्षं भाड्याच्या घरात. समताच्या आईनं, शेवंताबाईनं, निपाणीत चाळीस वर्षं विड्या वळून पोरीला शिकवलं होतं. आता तिची पाठ गेली होती, खोकला कायमचा लागला होता, आणि तिला जवळ आणायचं म्हणून ही घराची धडपड.

घर दाखवायच्या आधी ज्योतिबानं स्वतः रंग दिला. कृष्णात म्हणाला होता, मजूर लाव, पण यानं कुणाला हात लावू दिला नाही. मागच्या खोलीत तर तीन दिवस दार लावून बसला होता. मला वाटलं, विकायचं घर असलं तरी शेवटचा हात आपला लागावा असं त्याला वाटत असेल.

दीपंकरनं पहिल्याच भेटीत विचारलं, "सगळ्या बांधकामाला परवानगी आहे ना?"

कृष्णात हसला. "सर, ह्या गल्लीत कुणाच्या घराला हाय ते दाखवा, ते घर फुकट मिळवून देतो."

ज्योतिबा खाली बघत म्हणाला, "पुढच्या दोन खोल्यांना हाय. मागचं आणि वरचं न्हाय."

निदान एवढं त्यानं लपवलं नाही. पुढं बँकेनं आपला इंजिनियर पाठवला. पंचविशीतला मुलगा, हातात फाईल आणि मोजायचा टेप. दीपंकरला त्या दिवशी कॉलेज होतं, म्हणून त्याच्या सांगण्यावरनं मी थांबलो होतो. मुलानं पास नकाशा जिन्याच्या पायरीवर पसरला आणि घराकडं बघितलं. नकाशात दोन खोल्या, समोर चार. कानडीत म्हणाला, "यजमान, तुम्ही मेस्त्री ना? लोकांची घरं बांधता आणि स्वतःच्या घराचं हे असं?" समोरच्या घरातला माग तेवढ्यात थांबला होता, त्यामुळं ते गल्लीभर ऐकू गेलं. ज्योतिबा म्हणाला, "चुकलं साहेब." वयानं नातवासारखा मुलगा, आणि हा त्याच्यापुढं टोपी हातात घेऊन उभा. मुलानं लांबी-रुंदी मोजली, फोटो काढले, स्लॅबकडं एकदा मान वर करून बघितलं आणि गेला. बँक पुढच्या दोन खोल्यांपुरतंच कर्ज देणार, मागचं बांधकाम त्यांच्या लेखी नाहीच, असं ठरलं. तरी दीपंकर-समतानं घर घ्यायचं ठरवलं. किंमत थोडी उतरली. विसार दिला गेला.

त्या दिवशी मला वाटलं, ज्योतिबाची लाज एवढीच. त्या पोरानं चारचौघांत बोलल्याची.

मग शेवंताबाई घर बघायला आल्या. बारीक चणीची बाई, पांढरं लुगडं, उजव्या हाताची बोटं वाकलेली. सगळं घर फिरून मागच्या स्वयंपाकघराशी आल्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या.

"आत येऊ काय?"

"अवो या की आक्का. आता तुमचंच हाय," मनुबाई म्हणाली आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेली.

त्यांना ती खोली फार आवडली. मागच्या खिडकीतनं वारा यायचा, शेजारच्या परसातलं शेवग्याचं झाड दिसायचं. समताला म्हणाल्या, "मला जिना चढवत न्हाय. सैपाक पुढं करा, माझी खाट हितं टाका." मग वर स्लॅबकडं बघून ज्योतिबाला विचारलं, "अण्णा, ह्यो तुमच्या हातचाच न्हवं?"

"व्हय."

"मग बेस. समता म्हणालती, गवंड्यानं स्वतःला ऱ्हायाला बांधलंय, त्यात काय खोट असणार? आमच्या निपाणीच्या घरात पावसाळ्यात छप्पर पडंल म्हणून मी निम्मी रात जागीच असतो बघा. हितं झोप लागंल."

 ज्योतिबा हात धुतो म्हणून मागं गेला आणि पाव्हणे जाईपर्यंत आलाच नाही. नळ तेवढा सुरू होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडं आला. चहा नको म्हणाला. माझ्या घरात तो कधी खुर्चीवर बसायचा नाही, पायरीवर बसायचा, पण त्या दिवशी पायरीवरही बसेना. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"मास्तर, मागल्या खोलीचा स्लॅब वाईट हाय."

मला कळलंच नाही. "म्हणजे गळतोय?"

"गळला असता तर बरं. पडण्यातला हाय."

मग त्यानं सांगितलं. मधे मधे थांबत, पण एकदा सुरू झाल्यावर काही राखलं नाही. नीलमला बघायला गडहिंग्लजचे लोक आले होते. बैठकीत मुलाच्या काकानं सहज विचारलं, मेस्त्री, तुमचं स्वतःचं घर केवढं? आणि हा बोलून गेला, चार खोल्यांचं, वरचं काम चाललंय. काम चाललं नव्हतंच. लग्न पक्कं झालं आणि हातात सव्वा महिना उरला. तेव्हा टिळकवाडीत एका डॉक्टरच्या बंगल्याचं काम त्याच्याकडं होतं, सगळी माणसं तिथं. स्वतःचं घर त्यानं रविवारी आणि उतरत्या उन्हात बांधलं. मागची भिंत चार इंची उचलली, कारण ती लवकर होते. कोपऱ्यात कॉलम पाहिजेत, ते काढले नाहीत, कारण पाया खणायला गटाराची पाइप फोडावी लागली असती. स्लॅबमध्ये पुरती सळई नव्हती. इकडच्या तिकडच्या कामावरचे उरलेले तुकडे जोडून घातले. वरच्या खोलीची भिंत त्या स्लॅबच्या मधोमध उभी केली, खाली तुळई नाही. आणि टेकू स्लॅब पुरता पक्का व्हायच्या आधीच, नवव्या दिवशी काढले, मांडव घालायचा होता म्हणून.

"दुसऱ्या कुणाच्या घरात मी हे करू दिलं असतं काय? मालकाला हाकलून दिलं असतं."

"मग परवाना काढला असतास तर..." मी म्हणालो.

"तेच सांगालोय." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "सगळ्यांना वाटतंय, हेलपाटे नकोत म्हणून काढला न्हाय. परवाना काढायचा म्हणजे इंजिनियर येणार, तो नकाशात कॉलम दाखवणार. मला ठाऊक हुतं. कुणी बघायला नको हुतं मला, म्हणून गेलो न्हाय."

पुढच्या वर्षीच स्लॅबला तडा गेला. त्यानं तो दिवाळीच्या आधी भरला. दर दिवाळीला भरत गेला. मनुबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, ह्यांना भिंतीवर जरा डाग खपत न्हाय. वरची पाण्याची टाकी त्यानं पुढच्या बाजूला हलवली, नळाला जोर येत नाही असं सांगून. वरच्या खोलीत नीलमची मुलं सुट्टीत नाचायला लागली की खाली बोलावून आइस्क्रीमला पैसे द्यायचा. आणि मनुबाई पंधरा वर्षं त्या स्लॅबखाली दोन वेळचा स्वयंपाक करत होती.

"तिला ठाऊक आहे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तिला काय सांगू, मास्तर? तुला कुठं उभी केलती ते?"

आता माझं सांगतो. मी त्याला म्हणालो, "गप्प रहा." हे मी लपवणार नाही. म्हणालो, पंधरा वर्षं उभा आहे, आणखी पंधरा राहील. त्यांनी बघून घेतलंय, बँकेनं बघितलंय. हवं तर समताला सांग, आईची खाट पुढं ठेवा, मागं दमट आहे. मी चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि मला ती युक्ती किती चटकन सुचली. ज्योतिबानं ऐकून घेतलं. "दमट हाय म्हणून सांगू व्हय?" एवढं म्हणाला आणि गेला.

रविवारी सकाळी तो दारात आला. "मास्तर, चला. ती दोघं कपाटाचं माप घ्यायला आल्यात. मला एकट्यानं जमणार न्हाय."

मी गेलो. समता वहीत मापं लिहीत होती, दीपंकर टेप धरून. मनुबाई गॅसपाशी, भाकरी थापत होती. तिला आधी सांगून ठेव, असं मी वाटेत म्हणालो होतो. त्यानं सांगितलं नव्हतं. तो सरळ स्टूल ओढून स्लॅबखाली चढला, हातातल्या छिन्नीनं रंग खरवडायला लागला. पुट्टीचे पापुद्रे खाली पडायला लागले. मग त्यानं हलकेच चार ठोके घातले. टरफलासारखा एक थर सुटला, आणि आत तडा दिसला, करंगळी जाईल एवढा, आणि त्याच्या आत गंजून फुगलेली सळई. तिचं टोक तिथंच संपलेलं होतं. पुढची सळई चार बोटं सोडून सुरू होत होती.

"हे काय काका?" दीपंकर म्हणाला.

स्टुलावरनं न उतरताच त्यानं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण थोडक्यात. कॉलम नाही, तुळई नाही, सळईचे तुकडे, नऊ दिवस. शेवटी म्हणाला, "इंजिनियरला दिसू नये म्हणून मीच भरलं. तीन दिवस दार लावून."

दीपंकरचा चेहरा लाल झाला. तो सभ्य माणूस आहे, आवाज चढवत नाही. "आम्ही कर्ज काढलं. माझ्या सासूबाईंची खाट इथं पडणार होती. तुम्ही इथंच उभे होता त्या दिवशी."

समतानं त्याच्या हातावर हात ठेवला. तिनं विचारलं, अगदी सावकाश, रोग्याला विचारावं तसं, "आई बोलत होती तेव्हा का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आज पण वाटत्येय," ज्योतिबा म्हणाला.

 मनुबाईनं गॅस बंद केला. तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची होती, ती तशीच उचलून ताटात टाकली. मग तवा, परात, पिठाचा डबा, एकेक वस्तू उचलून ती पुढच्या खोलीत नेऊन ठेवायला लागली. गुडघ्यांमुळं तिला पाऊल टाकायला वेळ लागायचा. चार-पाच खेपा झाल्या. ज्योतिबा स्टुलावर उभा राहून ते बघत होता. तिनं एकदाही वर बघितलं नाही, ना स्लॅबकडं, ना त्याच्याकडं.

सौदा मोडला. विसार ज्योतिबानं दुसऱ्याच दिवशी परत केला, मोडल्याची भरपाई म्हणून वर काही द्यायला लागला, ते दीपंकरनं घेतलं नाही. कृष्णात येऊन शिव्या घालून गेला. "अण्णा, खुळा झालास काय? तोंड मिटून आठ दिवस काढला असतास तर सुटला असतास. आता मी दुसरं गिऱ्हाईक आणतो, पण पुन्हा तो स्टूल चढायचा न्हाय." ज्योतिबा म्हणाला, "गिऱ्हाईक आणू नको. ते पाडालोय मी."

बातमी गल्लीत पसरायला दोन दिवस लागले. मग जे झालं ते त्याला सगळ्यात जड गेलं असावं. त्यानं बांधलेल्या घरांतले लोक आपापल्या छताकडं बघायला लागले. वडगावच्या अंबुबाईचं घर त्यानंच बांधलेलं; तिचे मुलगे येऊन विचारून गेले, "मेस्त्री, आमच्यात पण तुकडेच घातलास काय?" घराचं काम चाललं होतं तेव्हा अंबुबाईनं त्याला स्वतःच्या हातानं जेवायला वाढलेलं होतं. ज्योतिबा त्यांना म्हणाला, "कुठला बी इंजिनियर आणा, म्हणंल तिथं फोडून बघा, फोडलेलं मी बांधून देतो." त्यांनी खरंच दोन ठिकाणी फोडलं. आत सगळं चोख निघालं. यानं जाऊन ते बुजवून दिलं, आणि त्यांच्याकडं पाणीसुद्धा न पिता परत आला.

आणि मी. एका दुपारी मी काठीनं माझ्या माजघराच्या स्लॅबला खालनं टकटक करून आवाज ऐकत होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा. दारात कुणीतरी आहे असं वाटून वळलो, तर ज्योतिबा. घमेलं मागायला आला होता. मी काठी खाली घेतली.  तोच म्हणाला, "मधे न्हाय, कोपऱ्याला वाजवून बघा. तिथं समजतंय." आणि घमेलं न घेताच गेला.

पाडायचं काम चैत्रात सुरू झालं. भरमू म्हणून त्याचा जुना मजूर आहे, साठीला आलेला, तोच एक मदतीला आला. बाकीच्यांना ज्योतिबानं बोलावलंच नाही. आधी खालनं टेकू लावले, मग वरची खोली उतरवली, विटेवर वीट. मनुबाई पुढच्या खोलीत जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. बोलायची ती भरमूशी. नवऱ्याला जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. चांगल्या विटा ती बसल्या जागी घासून साफ करायची आणि रांगेनं लावून ठेवायची.

स्लॅब फोडला त्या दिवशी गल्लीतले पुरुष बघायला उभे होते. सळईचे तुकडे बाहेर निघाले. हातभर, वीतभर, काही वाकडे. भरमू म्हणाला, पोत्यात घालून भंगारवाल्याला देऊन टाकतो. ज्योतिबा म्हणाला, "असू दे तिथंच." आणि ते तुकडे चार दिवस दारापुढं पडून राहिले. येणारा-जाणारा बघायचा. माझ्या बायकोला ते बघवेना, ती म्हणाली, ह्या माणसानं आता स्वतःला किती सोलून घ्यायचं?  मला मात्र त्या वाटेनं जाणं नको व्हायचं, मी वळसा घालून बाजारला जायचो.

काम संपल्यावर एका संध्याकाळी मनुबाई बोलली. हे मला भरमूनं सांगितलं, तो तिथंच चहा पीत बसला होता. ती म्हणाली, "पंधरा वर्षं मी त्याच्याखाली सैपाक केला. तुम्ही गवंडी म्हणून एकदा वर बघितलं न्हाय." ज्योतिबा म्हणाला, "मी रोज बघत हुतो." ती म्हणाली, "तेच की. तुम्ही बघत हुतासा आणि मी भाकऱ्या करत हुतो."  ती रडली नाही. पण त्या रात्रीपासनं ती त्याच्याशी पुन्हा कामापुरतं बोलायला लागली.

घर पुढं एका मागवाल्यानं घेतलं. नकाशाप्रमाणं दोन खोल्या आणि मागं मोकळं परस. किंमत कमी आली, पण कागद आणि घर जुळत होतं. रजिस्टर ऑफिसात मी साक्षीदार होतो. अधिकाऱ्यानं नकाशा बघितला, जागेचे फोटो बघितले, शिक्का मारला. त्या अर्ध्या मिनिटात ज्योतिबाच्या कपाळावर घाम आला होता. लपवायला आता काहीच नव्हतं.

दीपंकर-समताचंही सांगायला हवं. त्यांनी पुढं अनगोळच्या बाजूला एक जुनं बैठं घर बघितलं. पैसे द्यायच्या आधी समता एकटी ज्योतिबाकडं आली. मनुबाईनं तिला आत बोलावलं, चहा दिला. समता म्हणाली, "काका, आम्ही एक घर बघितलंय. तुम्ही येऊन बघाल?"

ज्योतिबाला ते खरं वाटेना. "मी? मला कशाला विचारतीस, बाई? चांगला इंजिनियर न्या."

"इंजिनियर बघून गेलाय. त्यानं मागच्या वेळी पण बघितलं होतं." तिनं कप खाली ठेवला. "आम्ही रागावलेलो आहोत. यांचा राग अजून गेलेला नाही. पण लपवलेलं कुठं असतं ते तुम्हाला माहीत आहे."

हे ऐकताना त्याला काय वाटलं असेल? मान वर झाली नाही. पण तो गेला. अर्धा दिवस ते घर बघत होता. न्हाणीपाशी एक भिंत ओली निघाली, गच्चीच्या जिन्याखालचा भाग मागाहून जोडलेला निघाला. सगळं त्यानं समताला दाखवलं, मालकाच्या देखत, आणि कुठं फोडून बघायचं तेही सांगितलं. शेवंताबाई तिथं आल्या होत्या. त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. खुर्चीवर बसून विड्या वळल्यासारखी बोटं हलवत होत्या, सवयीनं. जाताना हा त्यांच्यापुढं हात जोडून उभा राहिला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सांगितलंसा ते बरं केलंसा. पण मी त्या दिवशी तुमचं लई कौतुक केलतं." ते घर त्यांनी दुरुस्त करून घेतलं. घरभरणीला, त्यांच्या वास्तुवंदनेला, ज्योतिबाला बोलावणं होतं. तो गेला नाही, मनुबाई गेली.

दसऱ्याच्या आधी दोघं धारवाडला गेली. दिवाळीनंतर मी एकदा जाऊन आलो. आदर्शचा भाड्याचा फ्लॅट, दुसऱ्या मजल्यावर, पण लिफ्ट आहे, समोर व्हरांडा. ज्योतिबा बारीक झालाय. मनुबाईचं बरं आहे, जवळ दवाखाना आहे. आम्ही बोलत बसलो होतो, तेवढ्यात शेजारचे एक कानडी गृहस्थ आले, निवृत्त पोस्टमास्तर. नवीन शेजाऱ्यांची चौकशी करावी तशी त्यांनी केली. गाव कुठलं, मुलं किती. मग विचारलं, बेळगावात काय करत होता?

ज्योतिबा घेवड्याच्या शेंगा सोलत होता. म्हणाला, "बांधकामावर जात होतो."

ते गृहस्थ मजुरी समजले. बरं बरं म्हणाले आणि दुसरा विषय काढला. मी मधे बोलणार होतो, पण ज्योतिबानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी गप्प बसलो.

आतनं मनुबाईचा आवाज आला, मोडक्यातोडक्या कानडीत. "मेस्त्री होते. चाळीस घरं बांधलीत त्यांनी."

ज्योतिबा खाली बघून शेंगा सोलत राहिला. गृहस्थ म्हणाले, असं का, आमच्या बाल्कनीत ओल येते, एकदा बघाल काय. त्यानं हातातली शेंग सोलून ताटात टाकली. मग म्हणाला, "बघतो. पण मी सांगतो ते दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या."